माणसे नसलेल्या वास्तूचे तैलचित्र कसे पाहावे

ठाण्यातल्या चरईत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या बैठकीच्या खोलीत एक तैलचित्र आहे. रुंदीला साधारण दोन फूट, उंचीला दीड. कोकणातल्या एखाद्या जुन्या घराची ओसरी त्यात रंगवलेली आहे: दोन लाकडी खांब, शहाबादी फरशी, मागे अर्धवट उघडे दार, दाराशेजारी एक खुंटी आणि भिंतीत एक कोनाडा. माणूस एकही नाही. घरी येणारे पाहुणे चित्रासमोर क्षणभर थांबतात, ‘किती शांत आहे!’ असे म्हणतात आणि चहाकडे वळतात. मीही अनेक वर्षे याहून अधिक काही पाहिले नव्हते. ‘शांत’ हा शब्द चुकीचा नाही, पण तो चित्राविषयी फार थोडे सांगतो. चित्रकाराने कोणते निर्णय घेतले म्हणून ती शांतता निर्माण झाली, हे शोधायला लागले की तेच चित्र पुष्कळ बोलू लागते. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, ते येथे लिहीत आहे. ज्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नाही, किंवा ज्यांचा रंगांशी संबंध शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांपाशीच संपला, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

वास्तूची चित्रे नवख्या माणसाला अवघड वाटतात, कारण त्यांत घटना नसते. व्यक्तिचित्रात चेहरा असतो, पौराणिक चित्रात कथा असते, आणि आपण लगेच ‘हा कोण, काय चालले आहे’ असे विचारू शकतो. रिकाम्या खोलीपुढे हा प्रश्न चालत नाही, आणि मग आपण घाईने एकाकीपणा, विरह, काळाचा ओघ अशा मोठ्या शब्दांचा आधार घेतो. हे शब्द सुरुवातीला बाजूला ठेवावेत. आधी मोजमाप, मग उजेड, मग वस्तू आणि सर्वांत शेवटी भाव, असा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटला आहे.

चित्रासमोर उभे राहणे

चित्राशेजारची पाटी आधी वाचू नये. शीर्षक एकदा डोक्यात शिरले की डोळे तेवढेच शोधत राहतात. चित्राची जी बाजू मोठी असेल तिच्या दोन ते तीन पट अंतरावर उभे राहावे. एवढ्या अंतरावरून संपूर्ण चित्र मान न हलवता दिसते. ट्यूबलाइटची चमक पृष्ठभागावर येत असेल तर एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे, आणि मग निदान तीन मिनिटे काहीही न बोलता पाहावे. तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण प्रत्यक्षात ती लांबतात, आणि बहुतेक गोष्टी दुसऱ्या मिनिटानंतरच दिसू लागतात.

चित्र मोबाइलवर पाहत असाल तर त्याचे मूळ आकारमान आधी शोधून घ्यावे आणि तेवढा आकार भिंतीवर हातांनी मोजून पाहावा. सतराव्या शतकातील डच चित्रकार पीटर सानरेडाम यांचे युट्रेख्ट शहरातील ब्यूरकर्क या चर्चच्या अंतर्भागाचे १६४४ मधील चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंच खांबांचे आणि कमानींचे ते अवघे चर्च सुमारे ६० सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद अशा लाकडी फळीवर मावलेले आहे. हे कळल्यावर त्या चित्राकडे जवळ जाऊन, जवळजवळ पुस्तकासारखे पाहायचे असते हे आपोआप लक्षात येते.

आपण कुठे आणि कसे उभे आहोत

वास्तूच्या प्रत्येक चित्रात चित्रकाराने आपल्यासाठी एक जागा नेमून दिलेली असते, आणि ती शोधून काढणे हे पहिले खरे काम आहे. त्याची रीत सोपी आहे. फरशीच्या सांध्यांच्या, भिंतीच्या तळाच्या आणि छताच्या तुळयांच्या ज्या रेषा आतल्या बाजूला जातात, त्या मनाने पुढे वाढवाव्यात. मोबाइलवरील चित्रावर पट्टी किंवा पेन्सिल धरूनही हे करता येते. या रेषा ज्या बिंदूकडे धावतात त्याला चित्रकार व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात, आणि त्या बिंदूतून जाणारी आडवी रेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीर यांच्या अनेक चित्रांत याच बिंदूवर टाचणीचे बारीक छिद्र सापडले आहे. तेथे टाचणी रोवून तिला दोरा बांधायचा आणि तो ताणून रेषा आखायच्या, अशी ती पद्धत मानली जाते.

ही आडवी रेषा सापडली की चित्रातल्या एखाद्या ओळखीच्या वस्तूशी तिची तुलना करावी. दाराच्या चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात ती असेल, तर आपण उभे आहोत. दाराच्या निम्म्या उंचीच्याही खाली असेल, तर आपण बसलेले आहोत. चौकटीच्या वर असेल, तर माडीवरून किंवा जिन्यावरून खाली पाहत आहोत. मावशीच्या चित्रात ही रेषा, दाराच्या मापाने मोजली तर, फरशीपासून जेमतेम अडीच फुटांवर येते. याचा अर्थ पाहणारा जमिनीवर किंवा एखाद्या पायरीवर बसलेला आहे. येणारा-जाणारा माणूस दुसऱ्याच्या ओसरीकडे उभ्यानेच पाहतो, तर बसून पाहणारा त्या घरचा असतो किंवा घरात ज्याला ‘बसा’ म्हटले गेले आहे असा पाहुणा असतो. चित्रात एकही माणूस नसताना एवढी जवळीक त्या एका आडव्या रेषेने निर्माण केली आहे.

मोजमापाच्या बाबतीत सानरेडाम यांच्याइतका चांगला शिक्षक क्वचितच सापडतो. ते प्रत्यक्ष चर्चमध्ये बसून काटेकोर रेखाटने करीत, त्यांवरून बांधणीची रेखाचित्रे तयार करीत आणि रंगकाम कित्येकदा अनेक वर्षांनी हाती घेत. ब्यूरकर्कचे रेखाटन १६३६ मधले आहे आणि चित्र १६४४ मधले. मधली आठ वर्षे लक्षात घेतली की हे चित्र म्हणजे समोर दिसले ते उतरवून घेतलेले दृश्य आहे, हा समज गळून पडतो. त्यात विचारपूर्वक निवडलेल्या आणि गाळलेल्या गोष्टी आहेत. खांबांच्या तळाशी असलेल्या लहान मानवाकृतीही मापासाठी पाहाव्यात. एका माणसाच्या उंचीने खांब मोजला की ती वास्तू किती भव्य आहे हे अंगावर येते.

उजेडाचा तपास

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा. वास्तूच्या शांत चित्रात हालचाल करणारी एकमेव गोष्ट बहुतेक वेळा उजेडच असते.

पहिला प्रश्न: उजेड थेट उन्हाचा आहे की परावर्तित? उन्हाच्या कवडशाला स्पष्ट कड असते आणि जमिनीवर खिडकीचा किंवा दाराचा आकार ओळखू येतो. परावर्तित उजेडाला कड नसते. तो भिंतीवर हळूहळू विरत जातो. दुसरा प्रश्न: ऊन किती कलते आहे? सावली वस्तूच्या उंचीहून लांब असेल तर सूर्य खाली आहे, आखूड असेल तर वर चढलेला आहे. तिसरा प्रश्न: एखादा काळा पट्टा सावली आहे की प्रतिबिंब? नवखा पाहणारा सर्वाधिक येथेच चुकतो, आणि माझीही चूक येथेच झाली होती.

मावशीच्या चित्रात उजवीकडच्या खांबापासून दोन गडद पट्टे निघतात. एक तिरका जाऊन भिंतीपर्यंत पोहोचतो, दुसरा खांबाच्या बुंध्यापासून सरळ खाली, पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. मी दोन्हींना सावल्याच समजत होते, आणि दुसरी सावली जरा फसली आहे असेही मनात म्हणत होते. कलते ऊन, लांब सावल्या, रिकामी ओसरी, रिकामी खुंटी: या सगळ्यांवरून माझा निष्कर्ष ठरून गेला होता की ही संध्याकाळ आहे आणि हे घर सोडून माणसे निघून गेली आहेत. एका रविवारी मी हे मावशीला मोठ्या आत्मविश्वासाने समजावून सांगत होते. तिने चष्मा लावला, चित्राजवळ गेली आणि म्हणाली, ‘अगं, फरशी ओली आहे. नुकतीच पुसलीय कुणीतरी.’

ती म्हणाली ते शंभर टक्के खरे होते. सावली उजेडाच्या विरुद्ध दिशेला पडते. उभ्या वस्तूचे प्रतिबिंब मात्र, उजेड कुठूनही येवो, वस्तूच्या पायापासून सरळ खालीच उतरते. तो दुसरा पट्टा ओल्या शहाबादी फरशीत उतरलेले खांबाचे प्रतिबिंब होते, आणि जवळून पाहिल्यावर त्यात खांबाच्या कोरीव तळखड्याची पुसटशी कडही दिसत होती. मग मावशीने उंबरठ्याकडे बोट दाखवले. तेथे पांढऱ्या रंगाचे सात-आठ ठिपके आहेत, जे मी रंगाचे शिंतोडे समजून सोडून दिले होते. ती रांगोळी होती. कोनाड्यातला दिवाही लावलेला नव्हता. तिन्हीसांजेची वेळ असती तर तो तेवत असता.

सूर्य खाली आहे एवढेच सावलीच्या लांबीवरून कळते. तो उगवतो आहे की मावळतो आहे, हे सावली कधीच सांगत नाही. ते ठरवण्यासाठी घरातील रीतीची साक्ष घ्यावी लागते, आणि ती साक्ष सकाळच्या बाजूने होती. ओसरी रिकामी होती, कारण फरशी वाळत होती. पाच-दहा मिनिटांत तेथे कुणीतरी पाऊल टाकणार होते. सोडून दिलेल्या घराचे जे चित्र मी इतकी वर्षे पाहत होते, ते प्रत्यक्षात दिवस नुकताच सुरू झालेल्या घराचे होते. तेव्हापासून मी एक नियम पाळते: कुठल्याही चित्राविषयी ‘उदास’ हा शब्द वापरण्यापूर्वी चित्रातली वेळ आणि ती वेळ सिद्ध करणारे दोन पुरावे लिहून काढायचे.

उजेडाचा अर्थ प्रदेशानुसारही बदलतो, आणि परदेशी चित्रे पाहताना ठाण्यातल्या प्रेक्षकाने याचे भान ठेवायलाच हवे. डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय (१८६४–१९१६) यांनी कोपनहेगनमधील स्ट्रान्डगेड ३० या पत्त्यावरच्या आपल्या घरात १८९८ ते १९०९ या काळात राहून त्याच त्या खोल्यांची साठाहून अधिक चित्रे काढली. त्यांच्या १९०० मधील एका प्रसिद्ध चित्रात एक पूर्ण रिकामी खोली आहे, बंद दार आहे, खिडकीतून तिरके येणारे ऊन आहे, त्या उन्हाच्या पट्ट्यांत तरंगणारी धूळ आहे आणि जमिनीवर खिडकीच्या तावदानांचा उजळ आकार आहे. बाकी सारे राखाडी. आपल्याला तो राखाडी रंग लगेच दुःखाचा वाटतो. पण कोपनहेगन विषुववृत्तापासून जवळजवळ ५६ अंश उत्तरेला आहे, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम ११ अंश चढतो. त्याच दिवसांत ठाण्यात तो ४७ अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यात तर थेट डोक्यावर येतो. ज्या प्रदेशात ऊन एवढे दुर्मीळ, तेथे ते खोलीत आत शिरणे ही भेट असते. उलट आपल्याकडच्या घरांची खोल वळचण, पडवी, लहान खिडक्या, अंधारे माजघर ही सारी योजना ऊन बाहेर ठेवण्यासाठी आहे. म्हणून कोकणातल्या घराच्या चित्रातील काळोखा कोपरा हा बहुतेक वेळा गारव्याचा असतो. उन्हातून आल्यावर माजघरात टेकलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, पण तोच माणूस चित्रासमोर उभा राहिला की काळ्या रंगाला लगेच भीती किंवा शोक म्हणतो.

दारे आणि त्यांपलीकडचे

आता चित्रातली प्रत्येक उघडी जागा मोजावी: दार, खिडकी, कमान, जिन्याचे तोंड. प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात. ती किती उघडी आहे? तिच्या पलीकडे आतल्यापेक्षा उजेड जास्त आहे की कमी? आणि तिच्यातून आपण मनाने जाऊ शकतो का, की मध्ये काही अडथळा आहे?

याचा सराव करायला डच चित्रकार पीटर द होख यांचे डेल्फ्टमधील एका घराच्या अंगणाचे १६५८ मधील चित्र उत्तम आहे. तेही लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येते. उजवीकडे एक बाई लहान मुलीचा हात धरून अंगणात उतरली आहे. डावीकडे विटांच्या कमानीखालचा बोळ रस्त्याकडे उघडतो, आणि त्या बोळात दुसरी एक बाई आपल्याकडे पाठ करून बाहेर पाहत उभी आहे. आधी अंगण, मग बोळातली सावली, मग पलीकडचा उजळ रस्ता: उजेड, काळोख, पुन्हा उजेड अशा तीन टप्प्यांतून नजर आत ओढली जाते. द होख यांनी त्याच वर्षी हीच कमान घेऊन दुसरे एक चित्र काढले, ज्यात अंगणात पेयपान करणारी मंडळी आहेत. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली की वास्तू तीच राहूनही माणसांच्या जागा बदलताच तिचा स्वभाव कसा बदलतो, हे दहा मिनिटांत समजते.

मावशीच्या चित्रातले दार आत उघडते आणि त्यामागे माजघराचा काळोख आहे. ते ओढून घेतलेले नाही, सताड उघडेही नाही. एक माणूस खांदा किंचित तिरका करून आत जाईल एवढीच फट आहे.

जे नाही त्याची नोंद

रिकाम्या वास्तूच्या चित्रात वस्तू थोड्या असतात, म्हणून प्रत्येकीला वजन येते. त्यांची यादी करावी आणि तिच्या शेजारी दुसरी यादी करावी: अशा जागेत जे असायला हवे होते आणि नाही. ओसरीवर झोपाळा नाही, खुंटीवर टोपी किंवा उपरणे नाही, कोपऱ्यात चपला नाहीत. हे सारे चित्रकाराला रंगवता आले असते. ते त्याने वगळले, आणि फक्त ओली फरशी, रांगोळी व दिवा ठेवला.

मात्र रिकामेपणाचा अर्थ लावताना इतिहास ठाऊक असावा लागतो. सानरेडाम यांच्या चर्चमधल्या पांढऱ्या भिंती पाहून आपल्याला स्वच्छता, शांतता, कदाचित आधुनिकताही जाणवते. प्रत्यक्षात त्या भिंतींमागे एक मोठी उलथापालथ आहे. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंटांच्या ताब्यात गेलेल्या चर्चमधून मूर्ती आणि वेदीवरची चित्रे काढून टाकण्यात आली आणि भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या गेल्या. म्हणजे ती पांढरी भिंत कोरी राहिलेली नाही. ती कोरी केलेली आहे. हे कळल्यावर ब्यूरकर्कच्या चित्रातला एक तपशील फार हृदयस्पर्शी वाटतो. उजवीकडे एक मुलगा त्याच पांढऱ्या भिंतीवर चित्र काढतो आहे: एका घोड्यावर बसलेली चार माणसे. ते मध्ययुगीन कथेतले चार भाऊ आणि त्यांचा बायार्ड नावाचा घोडा आहेत. सानरेडाम यांनी आपली सही त्या मुलाच्या चित्राखालीच केली आहे. जिथून चित्रे पुसली गेली त्या भिंतीवर एक मूल पुन्हा चित्र काढते आणि चित्रकार स्वतःचे नाव त्याच्याखाली लिहितो, याचा अर्थ प्रत्येकाने आपल्या समजुतीनुसार लावावा. मला मात्र ती सही अतिशय प्रेमाने केलेली वाटते.

हॅमरशॉय यांच्या खोल्यांचे कारण निराळे आहे. ते त्यांचे राहते घर होते, आणि सामान त्यांनी आपल्या मनाप्रमाणे कमी केले होते. एकाच प्रकारच्या रिकामेपणामागे एकीकडे संपूर्ण समाजाचा धार्मिक निर्णय आणि दुसरीकडे एका माणसाची निवड असू शकते. म्हणून आपला अंदाज लिहून झाल्यावर, आणि त्यानंतरच, पाटी वाचावी, चित्रकाराचा काळ आणि गाव पाहावे, आणि आपल्या अंदाजातले काय टिकते ते तपासावे.

रंगाच्या थराजवळ

तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते सावकाश घट्ट होते. चित्रकाराला त्यामुळे बराच वेळ मिळतो आणि ओल्या रंगात ओला रंग मिसळून भिंतीवरचा उजेड पायरी न दिसता विरवता येतो. रिकाम्या भिंतीचे चित्रण या माध्यमात एवढे का खुलते, याचे उत्तर बरेचसे येथे आहे.

जवळ गेल्यावर सावलीचे भाग पाहावेत. बहुतेकदा तेथे रंग पातळ असतो, कधी कॅनव्हासची वीणही जाणवते. मग उजेडाचे भाग पाहावेत; तेथे रंग जाड लावलेला असतो आणि ब्रशचे केस कोणत्या दिशेने फिरले ते दिसते. बाजूने, तिरक्या नजरेने पाहिले तर हा उंचसखलपणा अधिक स्पष्ट होतो. मावशीच्या चित्रातील रांगोळीचे ठिपके पृष्ठभागापासून तांदळाच्या कणीएवढे वर आलेले आहेत. संपूर्ण चित्रात सर्वांत जाड रंग तेथे आहे, आणि मी त्यालाच शिंतोडे म्हणत होते. चित्रकाराने जिथे सर्वाधिक रंग खर्च केला ती जागा किरकोळ नसते, हे तेव्हा कळले.

जुन्या चित्रात पांढरी भिंत पिवळसर दिसली तर लगेच तो चित्रकाराचा हेतू समजू नये, कारण वॉर्निश वर्षानुवर्षे पिवळे पडत जाते. बारीक भेगांचे जाळे हेही बहुधा वयाचे लक्षण असते. घरच्या तैलचित्राविषयी एक सूचना येथेच देते: ते ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, आणि ठाण्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये.

शब्दांत मांडताना

वहीत तीन प्रकारची वाक्ये वेगवेगळी लिहावीत. पहिला प्रकार जे दिसते त्याचा: ‘फरशीवर खांबाचे प्रतिबिंब आहे.’ दुसरा त्यावरून निघणाऱ्या अनुमानाचा: ‘फरशी नुकतीच पुसलेली असावी.’ तिसरा आपल्या मनात जे उमटले त्याचा: ‘कुणीतरी आत चहा टाकला असेल असे वाटते.’ तिसऱ्या प्रकारचे वाक्य लिहायला मुळीच संकोच करू नये. फक्त त्याखाली पहिल्या प्रकारचे निदान एक वाक्य आधाराला उभे असावे. मावशी कधी प्रदर्शनांना गेली नाही, पण तिने पन्नास वर्षे रोज सकाळी फरशी पुसली आहे, आणि त्या चित्राचा खरा उलगडा त्या अनुभवातून झाला. आपल्या हातांनी केलेली कामे, राहिलेली घरे आणि पाळलेल्या वेळा चित्रापुढे उभे राहताना सोबत न्याव्यात.

सराव कुठे करावा

चित्र पाहण्याआधी प्रत्यक्ष जागा पाहण्याचा सराव फार उपयोगी पडतो. नवी मुंबईकरांसाठी त्यासाठी सीबीडी बेलापूरमधील आर्टिस्ट व्हिलेज आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेल्या या वसाहतीत साधारण सात घरे एका लहान अंगणाभोवती आणि अशा तीन गटांची घरे एका मोठ्या अंगणाभोवती बसवलेली आहेत. आता बऱ्याच घरांवर मजले चढले आहेत, मूळचे रूप सर्वत्र उरलेले नाही, तरी अंगणांचा क्रम कळतो. तेथे रस्त्यावरून, कुणाच्या घरात न डोकावता, सकाळी आठला आणि दुपारी बाराला एकाच जागी दहा मिनिटे उभे राहावे आणि सावलीच्या कडा वहीत रेषांनी नोंदवाव्यात. ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या आवारात दुपारी गर्दी ओसरल्यावर हाच अभ्यास करता येतो. आधी उभ्याने पाहावे, मग बसून पाहावे, आणि डोळ्यांची रेषा खाली येताच तेच खांब किती उंच होतात ते पाहावे.

प्रत्यक्ष चित्रांसाठी कापूरबावडीजवळचे ठाणे कला भवन जवळ आहे. काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून चालू आहे आणि तेथे प्रवेशशुल्क नाही. तिथून पायी अंतरावर असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे पाहता येतात. ठाण्यात राहणारे आणि २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांची शहराची चित्रे कुठे पाहायला मिळाली तर ती आवर्जून पाहावीत. त्यांत इमारती, रेल्वे आणि माणसे दाटीने असतात, आणि अशा चित्रातून मनाने एकेक माणूस काढून टाकत गेले की उरलेली वास्तू आपल्याशी कशी वागते हे समजते. एका दिवसात दोनच चित्रे पाहावीत. जास्त पाहिली की डोळे पुन्हा ‘छान’ आणि ‘शांत’ म्हणायला लागतात.

आणि पाहिलेल्या चित्राकडे निदान एकदा परत जावे. दुसऱ्या भेटीत मध्यभाग सोडून चारही काठांवरून नजर फिरवावी, कारण पहिल्या भेटीत काठ जवळजवळ नेहमीच निसटतात. मावशीच्या घरी मी गेल्या महिन्यात पुन्हा गेले आणि चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. तेथे चौकटीला लागून बोटभर रुंदीची एक राखाडी, सुरकुतलेली कड आहे, आणि तिच्याखाली फरशीचा रंग एका छटेने अधिक गडद आहे. मावशीला हाक मारली. तिने पुन्हा चष्मा लावला, वाकून पाहिले आणि म्हणाली, ‘पायरीवर टाकलेलं फडकं आहे ते. पिळून ठेवलंय.’